बस्त्यांवच्या नावाची पत्रावळ

संध्याकाळची प्रार्थना संपली की आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत लहानांनी मोठ्यांपुढं हात जोडून उभं राहायचं आणि म्हणायचं, "बेसांव द्या." मोठ्यानं उजवा हात उचलून म्हणायचं, "देव तुझं बरं करो." बेसांव म्हणजे आशीर्वाद. गोव्याहून घाट चढून आलेल्या वाडवडिलांनी जे थोडंफार बरोबर आणलं, त्यातलाच हा शब्द. दिवसभर घरात कितीही धुसफूस झालेली असो, हे मागणं आणि देणं झाल्याशिवाय चुलीवरचं भांडं खाली उतरत नाही.

कायतान सुताराच्या घरी नातालीन रोज आईकडं बेसांव मागायची. कुणी पाहुणा असला तर त्याच्याकडंही मागायची. कायतानकडं तिनं कधी मागितला नाही. तो आईचा दुसरा नवरा होता. तिचा बाप नव्हता. रोज प्रार्थनेच्या शेवटी कायतानचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला जायचा आणि अधांतरी राहायचा. कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून त्यानं वेदीपुढची मेणबत्ती विझवायचं काम आपल्याकडं घेतलं होतं. हात उचललाच आहे तर मेणबत्तीकडं न्यायचा. पोलीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कळत होतं. ती अशा वेळी पदर सारखा करत बसायची.

गुंजी स्टेशनच्या पलीकडं, रूळ ओलांडून रानाच्या अंगाला ही वाडी. ख्रिस्ती माणसांची थोडी घरं, बाकीची मराठ्यांची, आणि मधोमध सांत जुझे या सुतार संताचं कौलारू कपेल, म्हणजे छोटं देऊळ. नातालीनचा बाप बस्त्यांव इथलाच. रेल्वेच्या गँगमध्ये होता. जर्मनच्या लढाईत सरकारला बसऱ्याकडं रूळ टाकायला माणसं हवी होती. मुकादमानं विचारलं आणि बस्त्यांव गेला. आधी आधी त्याचे निरोप येत होते, मग थांबले. लढाई संपल्यावर गेलेली माणसं परत आली. त्यांतल्या एकानं सांगितलं, बोटीनं नदी ओलांडताना एका रात्री पाणी चढलं, सकाळी मोजणीला बस्त्यांव नव्हता. प्रेत कुणी बघितलं नाही. सरकारनं तो मेला असं धरलं. पोलीननंही काही वर्षांनी धरलं. पाद्रीबाबांनी साक्षी घेतल्या, गोव्याला विचारलं आणि तिकडून मोकळीक आल्यावर तिचं दुसरं लग्न लावलं. नातालीननं मात्र काहीच धरलं नाही. बाप गेला तेव्हा ती जेमतेम बोलायला लागलेली. तरी आलेली दोन स्थळं तिनं "आप्पा आल्यावर बघू" म्हणून परतवली होती.

कायतान हा कॅसलरॉककडचा. कपेलच्या वेदीची वाळवीनं खाल्लेली फळी बदलायला म्हणून आला आणि राहिला. तेव्हा वाडीतली सगळी पोरं त्याला कायतानमामा म्हणायची, तशी नातालीनही म्हणायची. लग्न झाल्यावरही तिनं तो शब्द सोडला नाही.

शेजारचा भरमू पाटील यावरून त्याची टिंगल करायचा. "अरं कायतान, बायकोची पोरगी तुला मामा म्हणती, म्हंजे तू बायकोचा भाऊ लागलास की रं."

"असू दे," कायतान म्हणायचा. "मामाला निदान दिवाळीला बोलवत्यात. तुला कोण बोलवतंय?"

त्या वर्षी अखेर नातालीन लग्नाला हो म्हणाली. मुलगा बेळगावच्या कँपात एका बेकरीत भट्टीवर होता, शांत, कामसू. लग्न ईस्टरनंतर ठरलं. हो म्हणताना तिनं आईला एकच विचारलं, "आप्पा आला आणि मी इथं नसले, तर कँपातलं घर त्याला सापडंल न्हवं?" पोलीन म्हणाली, "स्टेशनात विचारंल."

मार्चात सांत जुझेचा सण आला. सणाला कपेलात लुइस मेस्तचं प्रवचन असायचं. मेस्त म्हणजे पोरांना गाणं शिकवणारा आणि पाद्री नसेल तेव्हा प्रार्थना चालवणारा माणूस. बेळगावात हरिदासांची कीर्तनं ऐकून ऐकून त्यानं आपलं प्रवचनही उभं राहून, गाऊन करायला घेतलं होतं. छातीला व्हायोलिन लावायचा, एक पाय पुढं टाकायचा आणि वाडवडिलांच्या जुन्या पोथीच्या चालीवर स्वतः रचलेल्या ओव्या म्हणायचा. मागून झांजा घेऊन नातालीन आणि चार बायका शेवटचा चरण धरायच्या. नुसतं सांगितलेलं प्रवचन उंबऱ्यापाशी विसरून माणूस घरी जातो. गायलेलं त्याच्याबरोबर चालत येतं, रानात लाकूड तोडतानाही अंगात घुमत राहतं. म्हणून मराठ्यांच्या घरची माणसंही दाराशी येऊन बसायची. भरमू तर पुढं सरकून बसायचा.

मेस्त म्हणाला, "आज मी तुम्हाला विचारतोय, घराचा धनी कोण? पाटावर पहिला बसतो तो? आवाज चढवतो तो? माझी बायको इथंच बसली हाय. मला वाटतं मी बोलतोय म्हणून घर चाललंय. तिला काय वाटतंय ते तिला विचारा." बायका हसल्या. "आता सांत जुझेकडं बघा. सगळ्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक अक्षर न्हाय. आणि देवाचं घर त्यानं चालवलं."

मग व्हायोलिन वर गेलं.

जुझे सुतार मितभाषी । शब्द न फुटे ओठांसी ।
परि उठे तेचि निशीं । हाक येतां ॥

"हाक येतां" हा चरण बायकांनी उचलला, झांजा वाजल्या. मेस्तनं तीच ओवी दोनदा घोळवली आणि आवाज एकदम खाली आणला.

बोल येईल मरियेसी । म्हणोनि गिळिलें दुःखासी ।
लाविलें न दार तियेसी । आपुल्या घराचें ॥

"तिच्यावर बोल येऊ दिला न्हाय," मेस्त सांगत होता. "आणि पोराचं काय? पोर कुणाचं? देवाचं. ह्याचं न्हवं. तरी मिसर देशापर्यंत कडेवर कुणी न्हेलं? रंधा धरायला कुणी शिकवलं?"

बाळ नव्हे तयाचें । परि ओझें खांद्याचें ।
म्हणे हें देवाघरचें । ठेवणें मज ॥

नातालीननं वेदीकडं बघत "ठेवणें मज" म्हटलं. तिचा आवाज बारीक आणि उंच होता, झांजांच्या वर जायचा. कायतान मागच्या खांबाला टेकून बसला होता. त्याला वाटलं, ह्या आवाजात एकदा, एकदाच आपल्याकडं काही मागितलं जावं. मग लाजून त्यानं डोळे मिटले, आणि शेजारच्याला तो ध्यानात आहे असं वाटलं.

घरी जाताना भरमू त्याला म्हणाला, "तुमच्या देवाला सांभाळणारा सुतार व्हता हे मला आज नीट कळलं. मग माझ्या गाडीच्या एका चाकाला इतकं दिवस का लागत्यात?"

"त्याला देवदूत सपनात येऊन काम सांगायचा," कायतान म्हणाला. "मला रोज सकाळी तू येऊन सांगतोस. फरक पडणार की."

ईस्टर झाला आणि लग्नाची गडबड सुरू झाली. आता आमच्या लग्नातली एक रीत सांगायला हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी भिकाऱ्यांचं जेवण असतं. घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक गरीब माणूस बोलवायचा, अंगणात पंगतीला बसवायचा. घराच्या धन्यानं एकेका पत्रावळीपुढं थांबून गेलेल्याचं नाव घ्यायचं, पहिली वाढ स्वतःच्या हातानं करायची. तेवढ्या वेळापुरता तो गरीब माणूस त्या घरचा आजा असतो, आजी असते, लहानपणी गेलेलं पोर असतं. जेवण झाल्यावर नवरा मुलगा किंवा नवरी मुलगी त्या सगळ्यांपुढं वाकून बेसांव मागते. मेलेल्यांनी दिल्याशिवाय लग्न उभं राहत नाही अशी आमची समजूत.

पत्रावळी किती लावायच्या ते विचारायला मेस्त घरी आला. ओट्यावर पोलीन सुकट निवडत होती, नातालीन तांदूळ. कायतान अंगणात नातालीनच्या लग्नाच्या पेटीला रंधा मारत होता.

"सासरा जुवांव," पोलीन बोटांवर मोजत म्हणाली. "सासू रिता. माझे आई-बाप. प्लेगात गेला तो माझा भाऊ. आणि बस्त्यांव."

नातालीनचा हात सुपात थांबला. "आप्पाची पत्रावळ मांडायची न्हाय."

"असं कसं?" मेस्त म्हणाला.

"भिकाऱ्यांचं जेवण मेलेल्यांचं असतं. आप्पा मेलेला कुणी बघितलाय?"

पोलीननं सुकटीची परडी खाली ठेवली. तिनं आवाज चढवला नाही. "नातालीन, पत्रावळ न्हाय मांडली, तर मी कोण गं? नवरा जिता असताना दुसऱ्याच्या घरात नांदणारी बाई? उद्या तुझ्या सासरची माणसं ह्याच अंगणात उभी राहतील. पोरीचा बाप कुठाय म्हणून विचारतील. मेला म्हणावं तर पत्रावळ न्हाय. जिता म्हणावं तर आई दुसऱ्याची बायको. मग तूच सांग त्यांना."

"मी तुला कधी काय बोलले का? तुझं लग्न झालं, चांगलं झालं. मी एवढंच म्हणते, माझ्या लग्नाच्या दिवशी त्याला मारू नका."

"मग कवा?"

"कवाच नको. आला न्हाय म्हणा की. इतकी वर्सं म्हणतोय तसंच."

मेस्तनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. तो गाणारा माणूस, पण असल्या वेळी त्याला शब्द सुचायचे नाहीत. अखेर म्हणाला, "हे मी ठरवणार न्हाय. पाद्रीबाबाही ठरवणार न्हाईत. नाव घराचा धनी घेतो. कायतान घेईल ते नाव, घेणार न्हाय ते न्हाय."

दोघींनी अंगणाकडं बघितलं. रंधा थांबला होता. कायतान म्हणाला, "बघू," आणि पुन्हा फळीवर वाकला.

पण बघू म्हणजे काय? खरं सांगायचं तर त्याला ते नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. सगळ्या वाडीपुढं, नवऱ्याकडच्या माणसांपुढं. बस्त्यांव गेला, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. एवढं एकदा अंगणात म्हटलं गेलं, की त्या पोरीच्या मनातली जागा आज ना उद्या रिकामी होईल, आणि रिकाम्या जागेकडं माणसाचं पाऊल कधीतरी वळतं. शिवाय पोलीनचं म्हणणं बरोबर होतं. तिच्यावर बोल येता कामा नये. धर्म त्याच बाजूला होता, रीत त्याच बाजूला होती, आणि त्याचं स्वतःचं मनही त्याच बाजूला होतं. हे तिसरं त्याला टोचत होतं. आपल्याला हवं तेच धर्म सांगतोय, तेव्हा जरा थांबावं, असं त्याला वाटलं. दुपारी तो कपेलात जाऊन सांत जुझेपुढं बसला. त्या लाकडी मूर्तीकडून काही ऐकू येईल अशी त्याची अपेक्षा नव्हती. नुसतं शेजारी बसायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी नातालीन त्याच्यासाठी पेज घेऊन अंगणात आली. भांडं भुश्यावर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

"मामा, काय ठरवलंत?"

कायताननं पटाशी बाजूला ठेवली. "तुला आप्पा आठवतो?"

"अंगाला लोखंडाचा वास यायचा. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचा त्याचा भार आठवतो. जड हात व्हता."

"आणि तोंड?"

"तोंड न्हाय आठवत." ती भुश्यात पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत होती. "लई आठवायला बसले की तुमचं येतं."

कायताननं पेजेचं भांडं उचललं, पण प्यायला नाही.

"म्हणून मी तुमच्याकडं बेसांव मागत न्हाय," ती म्हणाली. "राग न्हाय माझा तुमच्यावर. लोकांना वाटतं राग हाय. आईलाही वाटतं. तुम्ही हात उचलता ते मला रोज दिसतं. पण एकदा मागितलं की तो पुरता जाईल. उरलेला तेवढाच हाय."

"पेज निवली," कायतान म्हणाला.

"मीठ घातलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दिवस पोलीन त्याच्याशी कमी बोलत होती. तिनंही एकदा विचारलं, फक्त एकदा. चुलीपुढं बसून, पाठमोरी. "मी तुमच्याशी लग्न केलं ते लपून न्हाय केलं. कपेलाच्या दारातनं केलं. तेवढं ध्यानात ठेवा."

"ठेवलंय," तो म्हणाला.

जेवणाचा दिवस उजाडला. अंगण सारवलं होतं, वर पालवीचा मांडव. भात, सुकटीची आमटी, हरभऱ्याच्या डाळीची गूळ घातलेली खीर, असा नेहमीचा बेत. बेळगावाहून नवऱ्याकडची माणसं सकाळच्या गाडीनं आली होती. मुलाची आई जाडजूड, हसरी बाई, पण नजर तीक्ष्ण. ती येताच पत्रावळींवरून नजर फिरवत ओट्यावर बसली. वाडीतले लोक कुंपणाशी उभे होते, त्यांत भरमूही. पंगतीला गुंजी स्टेशनावर मागून खाणारी म्हातारी शालूबाई होती, एक आंधळा गाणारा होता, दोन घाटवाटेचे हमाल होते, एक विधवा बाई होती. पाच माणसं. पत्रावळी सहा लावल्या होत्या. शेवटची रिकामी होती.

शालूबाई दरवेळची. ती पोलीनला म्हणाली, "आज मी कोण गं?"

"आज तुम्ही माझ्या सासूबाई."

"मग भात जरा मऊ शिजवायचा न्हाय व्हय? सासूला दात कुठं हाईत?"

पंगत हसली. पोलीनही हसली, पण तिचं लक्ष त्या सहाव्या पत्रावळीकडं होतं. तिथं कोण बसणार ते कायताननं कुणाला सांगितलं नव्हतं. मेस्तनं विचारलं तेव्हाही "माणूस हाय" एवढंच म्हणाला होता. नातालीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. पत्रावळ मांडली म्हणजे नाव घेतलं जाणार, हे तिला कळलं होतं.

कायताननं भाताचं भांडं घेतलं. पहिल्या पत्रावळीपुढं थांबला. "जुवांवच्या आत्म्यासाठी." वाढलं. "रिताच्या आत्म्यासाठी." शालूबाईनं दोन्ही हात जोडले. पोलीनचे आई-बाप झाले, भाऊ झाला. आंधळा माणूस भात चाचपून म्हणाला, "आणि वाढा की, मी प्लेगातला, लई दिवसांचा उपाशी." कुंपणाशी कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

सहाव्या पत्रावळीपाशी कायतान आला. भांडं खाली ठेवलं. डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि मांडी घालून स्वतः त्या पत्रावळीवर बसला.

अंगणात एकदम कुजबुज झाली. मेस्त पुढं आला. "कायतान, काय करतोस हे? घराच्या धन्यानं वाढायचं असतं. धनी भिकाऱ्यांच्या पंगतीत बसत न्हाय."

"माहीत हाय," कायतान म्हणाला. "मेस्त, बस्त्यांवची पत्रावळ हाय ही. त्याचं नाव मी घेतो." त्यानं मान वर केली आणि पंगतीला, कुंपणाला, ओट्यावर बसलेल्या बाईला ऐकू जाईल असं तो बोलला. त्याला इतकं मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, आवाज मधेच फाटला. "बस्त्यांवसाठी. तो देवाच्या हातात हाय. हे घर त्याचं. त्याच्या माघारी देवळानं मला इथं आणलं, पोलीनचा हात माझ्या हातात दिला, सगळ्यांसमक्ष. इतकी वर्सं त्याच्या घरचं अन्न मी खाल्लं. त्याच्या जागी जेवायचं तर मीच जेवणार. दुसरा भिकारी मी कुठनं आणू?"

मुलाची आई पोलीनकडं वाकून हळूच म्हणाली, "आत्म्यासाठी असं न्हाय म्हणाला ते?"

पोलीननं तिच्याकडं बघितलं, मग कायतानकडं. त्या पत्रावळीवर बस्त्यांवचं नाव पडलं होतं, गेलेल्यांच्या ओळीत, सगळ्या वाडीपुढं. तिला हवं होतं तेवढं तिला मिळालं होतं. "देवाच्या हातात हाय म्हणाला," ती म्हणाली. "त्यात काय कमी हाय?"

"कमी काय न्हाय," मेस्त म्हणाला, जरा खाकरून. "मेलेला त्याच्या हातात, जिता त्याच्या हातात. धर्माला धरून हाय. पण मग वाढणार कोण? धनी तर बसला."

चौकट सोडून नातालीन पुढं आली. खाली ठेवलेलं भाताचं भांडं तिनं उचललं. कायतानपुढं वाकली आणि वाढू लागली. एक वाढ झाली, दुसरी झाली, ती थांबेना. भाताचा ढीग झाला.

"पुरे," कायतान हळू म्हणाला.

"त्याला लई लागायचा," ती म्हणाली, आणि आणखी एक वाढ घातली.

कायतान जेवला. घरातल्या कर्त्या माणसाला भिकाऱ्यांच्या ओळीत मान खाली घालून जेवताना वाडीनं असं कधी बघितलं नव्हतं. कुंपणाशी दोघे-तिघे अजून नाखूश होते. रीत मोडली असं म्हणत होते. भरमू त्यांना म्हणाला, "तुमच्यातलं मला काय कळत न्हाय. पण एवढा भात एका माणसाच्यानं संपणार न्हाय, तेवढं कळतं."

जेवण झालं. हात धुऊन माणसं पुन्हा आपापल्या जागी बसली. नातालीन पहिल्या हमालापुढं वाकली, "बेसांव द्या." त्यानं शिकवल्यासारखं म्हटलं, "देव तुझं बरं करो." शालूबाईनं तिच्या गालावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. आंधळ्यानं तिचा चेहरा हातांनी चाचपला.

ती कायतानपुढं आली. कायताननं खाली जमिनीकडं बघितलं. त्याला वाटलं, न वाकता ती पुढं गेली तरी चालेल, पत्रावळ झाली, तेवढ्यासाठीच तर बसलो होतो. पण ती वाकली. पंगतीतल्या इतरांपुढं वाकली तशीच.

"बेसांव द्या."

इतक्या वर्षांत त्यानं हा शब्द तिच्या आवाजात रोज ऐकला होता, दुसऱ्यांसाठी. आज तो समोरून आला. तरी तो त्याच्यासाठी नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समोर पत्रावळ कुणाची होती? त्यानं हात उचलला. इथं विझवायला मेणबत्ती नव्हती. हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिला आठवत होता तो भार यावा म्हणून जरा दाबून ठेवला.

"तुझ्या बापाचा बेसांव, नातालीन," तो म्हणाला. "जिथं असंल तिथनं. देव तुझं बरं करो."

आपलं त्यात एक अक्षर घातलं नाही. घालावं असं फार वाटलं. ओठांपर्यंत आलंही असेल. पण पोरीला तिच्या बापाचं पुरतं मिळायला हवं, त्यात वाटेकरी नको, एवढं त्यानं धरून ठेवलं. ती बराच वेळ वाकूनच राहिली. तिचे खांदे हलत होते. मग उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजंत्री दारात आली. कपेलाकडं निघण्याआधी नवरीनं घरच्या वडीलधाऱ्यांकडं बेसांव मागायचा असतो. नातालीन पांढऱ्या झग्यात उभी होती. आईपुढं वाकली, दोघी खूप रडल्या, आईनं तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले. मेस्तपुढं वाकली. शेजारच्या म्हातारीपुढं वाकली. कायतान दाराजवळ, खिळ्याला टांगलेला कोट काढत होता. काढायला लागावा त्याहून जास्त वेळ लावत होता.

ती त्याच्यापाशी येऊन थांबली.

"चल," तो म्हणाला. "उशीर व्हईल. काल दिलाय की."

"काल आप्पाचा दिलात."

"व्हय. तो जपून ने."

ती हलली नाही. वाजंत्रीवाल्यांनी बाहेर नवीन गत सुरू केली. पोलीन आतून कुणाला तरी फुलं विसरलीस म्हणून सांगत होती. नातालीननं वाकून हात जोडले. काल पंगतीतल्या माणसांपुढं सरळ, मोठ्यानं आलेला शब्द आज हळू आला.

"तुमचा राहिला," ती म्हणाली. "बेसांव द्या."

कायताननं कोट खाली टाकला. हात उचलला, आणि "देव तुझं बरं करो" हे इतक्या हळू निघालं, की तिला ऐकू आलं का नाही हे त्याला कळलं नाही. पण ती उभी राहिली आणि तिनं मान हलवली.

लग्न झालं. दुपारच्या गाडीनं नवरा-नवरी बेळगावला निघाली. डब्याच्या खिडकीतून ती आईचा हात धरून होती. गाडी सुटायच्या वेळी त्याच्याकडं बघून म्हणाली, "येते, मामा."

मामाच म्हणाली. कायतानला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं. गाडी वळणाआड गेली, तिचा धूर रानावर रेंगाळला, आणि फलाटावरची माणसं पांगली. पोलीननं डोळे पुसले.

"चला आता," ती म्हणाली. "काय बघताय?"

"सांत जुझेच्या सणाला येईल का गं ती?" कायतान म्हणाला.

"आत्ता तर गेली. जून तरी येऊ दे."

"व्हय," तो म्हणाला. आणि तरीही तिथंच उभा राहिला.